पायाळू मॅनेजर

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

आजपासून मी मॅनेजर. एकता स्पोर्टिंग, पांढरकवडा. क्लबच्या बैठकीला सात जण होते, त्यातले दोन चहा घेऊन आलेले. अध्यक्षांनी विचारलं, ‘‘भारत, तू घेतं का टीम?’’ मी आधी आढेवेढे घेतले, मग हो म्हटलं. खरं सांगायचं तर त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नसतं तर माझीच पंचाईत झाली असती.

एकोणीस वर्षं राइट बॅकला खेळलो. दोन मोसम नागपूरला, बाकी सगळे इथेच, आठवडी बाजारामागच्या मैदानावर. बाजार उठला की आधी सडकी वांगी वेचायची आणि मग खेळायचं. आता वय बेचाळीस. उजवा गुडघा वाकत नाही. लग्नाच्या पंगतीत मी खुर्चीवर असतो, नवरदेवाच्या आजोबांच्या शेजारी. दिवसभर जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो आणि संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभा राहून पोरांना शिव्या देतो. चार वर्षं हेच करतो आहे, आता त्याला नाव मिळालं.

आमचे उत्तमसिंग सर मॅनेजर होते तेव्हा रोज वहीत लिहायचे. कोण उशिरा आला, कोण खोटं लंगडला, सगळं. मीही लिहिणार आहे. दिपाली म्हणाली, ‘‘आठ दिवस टिकली वही तरी लय झालं.’’ बायकोचा असा विश्वास पाठीशी असला की माणूस पुढे जातोच.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सतरा पोरं आली. पळवली, तर निम्मी कमरेवर हात ठेवून उभी. कापूस वेचणीचे दिवस आहेत, दिवसभर शेतात वाकून आलेला माणूस संध्याकाळी काय पळणार? तरी ओरडलो.

खरा खेळाडू एकच, कलीम. मोहिउद्दीनचाचांचा मुलगा. हायवेवर त्यांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे, तिथे बाप-लेक दोघं काम करतात. फॉरवर्डला खेळतो. डाव्या पायाने असा मारतो की गोलकीपर आधी तोंड झाकतो आणि मग बॉल शोधतो. वय सव्वीस. नागपूरच्या एका सरकारी खात्याचा संघ आहे, त्यात निवड झाली की पक्की नोकरी. सत्ताविसाव्या वर्षापर्यंतच घेतात आणि त्याला जूनमध्ये सत्तावीस पूर्ण होतात. त्या संघाचे निवडकर्ते यंदा जिल्हा लीगच्या फायनलला येणार आहेत असं कळलं. म्हणजे कलीमला ही एकच संधी, आणि ती फायनलला पोचलो तर.

सराव संपल्यावर तो जवळ आला. ‘‘भारतभाऊ, फायनलपर्यंत नेजा मले. पुढचं मी पाहतो.’’

मी म्हटलं, ‘‘तू मले नेशीन का मी तुले, हे आधी ठरव बे.’’ हसला. पण मला आवडलं त्याचं बोलणं. मला असं कोणी सांगितलं नव्हतं कधी.

१ डिसेंबर, रविवार

आज गंमत झाली. पियुषच्या कमरेत काल उसण भरली होती. हा आमचा स्टॉपर, साडेसहा फुटांचा ऐवज, पण सरळ उभाच राहीना. दुपारी मॅच. मी म्हटलं, पहाटे घरी ये, उपाशीपोटी.

मी पायाळू आहे. जन्मताना पाय आधी आले, डोकं मागून. पायाळू माणसाने रविवारी किंवा बुधवारी, दिवस उगवायच्या आत, डावा पाय तीनदा कमरेला लावला की उसण उतरते. लहानपणी आमच्या दारात रांग लागायची. मी झोपेत डोळे चोळत यायचो आणि गावातल्या मोठमोठ्या माणसांच्या कमरेला लाथ लावून परत झोपायला जायचो. एरवी ज्यांना चुकून पाय लागला तर पाया पडायचं, ते लोक! उत्तमसिंग सर म्हणायचे, ‘‘याचे पाय आधी आले म्हणून फुटबॉलमध्ये आला. डोकं मागून निघालं, ते अजून पोचाचं आहे.’’

पियुषला पालथा झोपवला, तीनदा पाय लावला. उठला तो सरळ. दुपारी पूर्ण नव्वद मिनिटं खेळला. आम्ही २-०. दोन्ही गोल कलीमचे.

१५ डिसेंबर, रविवार

लागोपाठ तिसरा विजय. आता प्रत्येक मॅचच्या सकाळी चार-पाच पोरं दारात असतात. कोणाची मांडी, कोणाची पोटरी. पोटरीला पायाळूचा काय उपयोग, पण लावतो. पोरांना वाटतं ना बरं! कोणीतरी मोबाइलवर बातमी फिरवली, ‘पायाळू मॅनेजरची कमाल, एकता स्पोर्टिंग अजिंक्य’. सोबत माझा फोटो, गॉगल घातलेला. दिपालीने तो मायला दाखवला.

हल्ली मी जरा जोर देतो. नुसत्या स्पर्शाने लहान मुलांचं होत असेल, खेळाडूचे स्नायू कडक असतात. पियुषच्या कमरेवर आज टाच ठेवून चांगला दाबला. मायने चुलीपासून पाहिलं. म्हणाली, ‘‘नुसता लावाचा असते रे भारत. दाबाचा नसते. पायाळूनं पाय लावावं, पाय देऊ नाही.’’

मी म्हटलं, ‘‘माय, तुले फुटबॉलमधलं काय समजते?’’ ती गप्प बसली. ती अशी पटकन गप्प बसली की मला आणखी राग येतो.

२९ डिसेंबर, रविवार

वाईट बातमी. सेमीफायनल आठ दिवसांवर आली आणि कलीमने गॅरेजमध्ये ट्रकचा गिअरबॉक्स एकट्याने उचलला. चाचा नमाजला गेले होते, ट्रकवाला घाई करत होता, म्हणून. उचलतानाच कमरेत कळ आली आणि डाव्या पायातून पार अंगठ्यापर्यंत गेली. आज खाटेवर कुशीला पडून होता. खोकला तरी डोळ्यांत पाणी येतं.

मोहिउद्दीनचाचा म्हणाले, ‘‘यवतमाळले कमरेचा फोटो काढून आणू का, बेटा? निलोफर तिथंच आहे.’’ निलोफर म्हणजे कलीमची मोठी बहीण, यवतमाळच्या एका दवाखान्यात नर्स आहे.

कलीमच म्हणाला, ‘‘नको अब्बा. डॉक्टर पहिले झोपायलेच सांगते. दीड महिना झोप म्हणतीन. भाऊ आहेत ना आपले.’’

चाचा माझ्याकडे पाहू लागले. त्यांची स्वतःची कमर मी दहा वर्षांचा असताना उतरवली होती, ते अजून सांगतात. म्हणाले, ‘‘पायाळूच्या पायात शिफा असते, गुण येते.’’ मी म्हटलं, बुधवारी आणा.

१ जानेवारी २०२५, बुधवार

पहाटे साडेपाचला पियुषने आणि चाचांनी कलीमला धरून आणलं. थंडी इतकी की अंगणातली बादली हाताला चावत होती. कलीम पालथा झोपला. मी तीनदा पाय लावला. उठायला गेला तर पहिल्यासारखाच ओरडला.

माझ्या मनात आलं, हा पियुष नाही. हे दुखणं मोठं आहे, याला मोठाच उपाय हवा. भिंतीला हात टेकवला, त्याला श्वास सोडायला सांगितला आणि डाव्या पायावर सगळा भार घेऊन कमरेवर उभा राहिलो. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आत ‘कट्’ असा आवाज झाला. मला पायाला कळला तो. कलीमच्या तोंडून आवाजच निघाला नाही.

मग थोड्या वेळाने म्हणाला, ‘‘उतरली वाटते भाऊ.’’

चाचांनी माझे दोन्ही हात धरले. मी छातीत हवा भरून उभा होतो. नवीन वर्षाची सुरुवात अशी व्हावी. माय तेवढी आत निघून गेली.

३ जानेवारी, शुक्रवार

कलीम सरावाला आला! दुखणं गेलं म्हणतो. पायातली कळ पूर्ण बंद. मी सगळ्यांसमोर त्याला उभा केला आणि म्हटलं, पाहा, मन घट्ट असलं की असं होते.

हळूहळू पळाला. डावा पाय जरा घासतो, इतके दिवस झोपून असल्यावर व्हायचंच. घरी जाताना त्याची डावी चप्पल मैदानातच राहिली आणि हा बिनचपलेचा फाटकापर्यंत गेला. पियुषने हाक मारली तेव्हा खाली पाहिलं. सगळे हसले. मी म्हटलं, नोकरी लागायच्या आधीच साहेब हवेत चालायला लागले.

५ जानेवारी, रविवार

नेर. सेमीफायनल जिंकलो, पेनल्टीवर. फायनल!

क्रूझरमध्ये चौदा जण कोंबून गेलो. यवतमाळच्या पुढे लघवीला गाडी थांबवली, सगळे परत येऊन बसले तरी कलीम बाभळीमागे उभाच. पियुष ओरडला, ‘‘बाभळीले पाणी देऊन राह्यला काय बे?’’ पाच-सात मिनिटांनी आला. म्हणाला, होत नव्हती. थंडीमुळे असेल.

मॅचमध्ये त्याचा खेळ काही बरा नव्हता. मोकळ्या गोलपुढे बॉल आला आणि याने मारला तो कॉर्नरच्या झेंड्याकडे. हाफटाइमला झापला. म्हणाला, ‘‘भाऊ, बॉल पायाले लागला का नाही हेच समजत नाही.’’

मी म्हटलं, ‘‘थंडीनं बधिर झाला असन. चोळ.’’ त्याने चोळला. पेनल्टी त्याला दिली नाही, पाचही दुसऱ्यांनी मारल्या. त्याचं त्याला वाईट वाटलं असावं. येताना सगळी गाडी गात होती आणि हा खिडकीला डोकं टेकून बसला होता.

७ जानेवारी, मंगळवार

दिपालीशी भांडण. ती म्हणते, कलीमची चाल बरोबर दिसत नाही, डॉक्टरकडे न्या. बाजारात दिसला म्हणे, पाऊल आपटत चालतो. मी म्हटलं, चार दिवस राहिले फायनलला. फायनल झाली की नेतो, मीच नेतो.

‘‘तो तुमचा माणूस आहे का बैल?’’ ती म्हणाली.

मग मी तिला दोन हजार नऊची फायनल सांगितली. (तिने ती अनेकदा ऐकली आहे.) माझा गुडघा नारळाएवढा सुजला होता. उत्तमसिंग सरांनी स्वतःच्या हाताने पट्टी आवळली आणि म्हणाले, ‘‘दुखणं पायात नसते, डोक्यात असते. जाय.’’ मी गेलो. आम्ही जिंकलो. क्लबात तो फोटो अजून आहे.

दिपाली म्हणाली, ‘‘आणि संडासात तुम्हाले खुर्ची लागते, तिचा फोटो कुठं आहे?’’

जेवलो नाही.

नंतर वाटलं, कलीमला विचारावं तरी. गॅरेजवर गेलो. चाकाला टेकून बसला होता. मी म्हटलं, खरं सांग. त्याने आधी आजूबाजूला पाहिलं, चाचा लांब होते. मग म्हणाला, ‘‘भाऊ, मले बसवू नका. दुखत नाही ना आता, आईशपथ दुखत नाही. तुमच्या हातापाया पडतो, फायनलले बसवू नका.’’

दुखत नाही म्हणतो तर माझं काय जातं? तरी उद्या बुधवार आहे. पुन्हा एकदा पाय लावून टाकू.

८ जानेवारी, बुधवार

आज कलीम एकटाच आला. पालथा झोपला, मी भार देऊन तीनदा केलं. यावेळी हूं की चूं नाही. म्हटलं, दुखलं का? म्हणाला, ‘‘बिलकूल नाही भाऊ.’’ गेल्या वेळी कण्हत होता, आज बिलकूल नाही. यापेक्षा आणखी काय पुरावा हवा दिपालीला?

उठताना त्याची पँट मागून ओली दिसली. अंगणात दवाने सगळंच ओलं होतं, सतरंजी भिजली असेल. त्याने अंगातला स्वेटर काढून कमरेला बांधला. इतक्या थंडीत. मी म्हटलं, सर्दी होईल. म्हणाला, ‘‘राहू द्या भाऊ.’’ चहाही घेतला नाही.

मायला सतरंजी उचलायला सांगितली. ती उचलून तिने वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी काट्यावर जायच्या घाईत होतो.

१२ जानेवारी, रविवार

यवतमाळ. जिंकलो १-०. पियुष, कॉर्नरवरून, डोक्याने.

कलीम सत्तावीस मिनिटं खेळला. कोणी धक्का दिला नाही, कोणी जवळही नव्हतं. बॉलकडे पळत होता आणि डावा पाय मागेच राहिला. पडला. मला वाटलं उठेल. दोन्ही हातांवर उठला, पण खालचं अंग उठलं नाही. निवडकर्ते खुर्चीतून उभे राहून पाहत होते.

निलोफर मॅच पाहायला आलेली. ती नर्सच्या ड्रेसवर तशीच मैदानात धावली. त्याचा बूट काढला, मोजा काढला. ‘‘कलीम, अंगठा हालव.’’ तो म्हणाला, ‘‘हालवून राह्यलो ना.’’

अंगठा हलत नव्हता. मी पाहिलं.

१४ जानेवारी, मंगळवार

काल पहाटेपर्यंत ऑपरेशन चाललं. कमरेतली चकती फुटून मागच्या सगळ्या नसांवर बसली होती. डॉक्टर तरुण आहेत, मराठी आमच्यासारखीच बोलतात. म्हणाले, पहिल्या एक-दोन दिवसांत आला असता तर गोष्ट वेगळी होती. आता पाय किती येईल सांगता येत नाही. लघवी-संडासचं तर त्याहून सांगता येत नाही.

निलोफरने मला व्हरांड्यात गाठलं. ती रडत नव्हती. हातात कागद होता.

‘‘भारतभाऊ, डॉक्टरले तारखा पाह्यजेत. पाय सुन्न कधीपासून? लघवी कधीपासून अडली? कलीम काही बोलत नाही. तुम्ही रोज सोबत होते. काही दिसलं होतं का?’’

मी म्हटलं, ‘‘मॅचमध्येच झालं सगळं. त्याच्या आधी तर चांगला होता.’’

तिने कागदावर लिहिलं, बारा जानेवारी. माझ्यादेखत लिहिलं. चाचा बाकावर बसून ऐकत होते आणि मान हलवत होते, हो हो, चांगला होता म्हणून.

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांतीचा तीळगूळ तसाच पडून आहे. पहाटे दारात कोणीतरी उभं होतं. केळापूरचा एक माणूस, कमर धरून, मुलाच्या आधाराने आलेला. फायनल जिंकल्याची बातमी वाचली म्हणे. मी आतून सांगायला लावलं की नाहीत घरी. माझा आवाज त्याला ऐकू गेला असणार.

१९ जानेवारी, रविवार

क्लबात सत्कार. शाल, नारळ, कप. अध्यक्ष बोलले, ‘‘पहिल्याच वर्षी कप आणणारा मॅनेजर.’’ कलीमच्या नावाने एक मिनिट टाळ्या वाजवायला सांगितल्या. मेलेल्यासाठी एक मिनिट शांत उभं राहतात तसं वाटलं, फक्त उलटं. पियुष अर्ध्यातून उठून गेला.

भाषणात मी उत्तमसिंग सरांचं नाव घेतलं. ते पहिल्या रांगेत होते, आता ऐकू कमी येतं. नंतर शाल चाचपून म्हणाले, ‘‘चांगली आहे. त्या पोराचं काय झालं?’’ मी सांगितलं. ते बराच वेळ माझ्या गुडघ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘जिंकलो ना पण आपण?’’

मी हो म्हटलं. मी एवढा मोठा झालो तरी त्यांना हो म्हणतो.

२० जानेवारी, सोमवार

ही वही आज पहिल्यापासून वाचली. चप्पल तीन तारखेला. लघवी पाच तारखेला. बॉल लागल्याचं कळत नव्हतं, पाच. पाऊल आपटणं, सात. पँट, आठ. सगळं माझ्याच अक्षरात, वर विनोदही केलेले. कोण खोटं लंगडला ते लिहिण्यासाठी वही घेतली होती. खरं लंगडणाऱ्याचं लिहीत गेलो आणि मला ते वाचता आलं नाही.

आणि एक तारखेचा तो आवाज. डॉक्टर म्हणतात गिअरबॉक्सनेच चकती सरकली असणार. मी दहादा तेच वाक्य मनात म्हणतो. गिअरबॉक्सनेच. पण गिअरबॉक्स उचलल्यावर तो तीन-चार दिवस ओरडत होता, त्याला दुखत होतं. दुखणं माझ्या पायाखाली थांबलं. मी त्यालाच उसण उतरली समजलो.

२५ जानेवारी, शनिवार

निलोफरला फोन केला. हातात वही धरून तारखा वाचल्या, एकेक. आणि कमरेवर उभा राहिलो ते सांगितलं, दोन्ही वेळचं.

तिने आधी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, ‘‘हे सगळं तुम्ही लिहून ठेवलतं?’’

‘‘हो.’’

‘‘लिहिलं. आणि कोणाले सांगतलं नाही.’’

‘‘मले समजलं नाही, निलोफर.’’

‘‘त्याले समजलं होतं, भारतभाऊ. त्याची पँट ओली होऊन राह्यलती आणि तो स्वेटर बांधून फिरून राह्यलता. तुम्हाले कसं सांगाव, तुम्हाले वाईट वाटन, तुमचा पाय लागू पडला नाही म्हणून. काल रडत रडत सांगतलं त्यानं मले.’’ मग ती म्हणाली, ‘‘त्या मंगळवारी विचारलं तवा काहून नाही बोलले?’’

भीती वाटली, एवढंच लिहितो. तिने चाचांना सांगितलं असेल असं धरून चाललो आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

मॅनेजरपद सोडल्याची चिठ्ठी अध्यक्षांकडे दिली. त्यांनी वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. ‘‘मोसम संपलाच आहे. जूनमध्ये बोलू.’’ जूनमध्ये कलीमला सत्तावीस पूर्ण होतील.

१६ फेब्रुवारी, रविवार

पहाटेच मोहिउद्दीनचाचा दारात. मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, ‘‘चल बेटा. कलीम बोलावून राह्यला.’’

कलीमला घरी आणून आठवडा झाला, मी गेलो नव्हतो. पुढच्या खोलीत खाट टाकली आहे. खाटेला पिशवी टांगलेली, तिच्यावर धुतलेला टॉवेल झाकलेला. पाय बारीक झालेत. दीड महिन्यात माणसाची मांडी एवढी उतरते हे मला माहीत नव्हतं. निलोफर स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला पाहून आत गेली.

कलीम म्हणाला, ‘‘भाऊ, आज रविवार आहे ना? मी रात्रीपासून काही खाल्लं नाही.’’

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा म्हटलं, ‘‘नाही कलीम. ते नाही.’’

‘‘एकदा फक्त. दिवस उगवाच्या आत.’’

‘‘अरे माझ्यानंच झालं ना हे. निलोफरनं सांगतलं नाही का तुले?’’

‘‘सांगतलं. तिले डॉक्टरचं समजते, हे नाही समजत.’’ तो खालच्या आवाजात म्हणाला, ती ऐकेल म्हणून. ‘‘दाबू नका. नुसता लावा. लहानपणी लावत होते ना तुम्ही, तसा.’’

मी चाचांकडे पाहिलं. म्हटलं, तुम्ही तरी सांगा. त्यांचे डोळे लाल होते. म्हणाले, ‘‘त्याचं मन आहे, बेटा. देणारा वरचा आहे. तू लाव.’’

दोघांनी मिळून त्याला पालथा केला. तोंड उशीत. कमरेवर टाक्यांची लांब खूण, अजून गुलाबी. तिच्याजवळ पाय न्यायची माझी हिंमत झाली नाही. गुडघ्यामुळे एका पायावर नीट उभं राहता येत नाही, म्हणून खाटेची दांडी धरली आणि डावा पाय त्याच्या पोटरीला लावला. हलकेच. मग टाचेला. मग तळव्याला, सगळा तळवा माझ्या पावलाला लागला, थंडगार होता. तीन वेळा झालं. पाय खाली घेतला आणि उभा राहिलो. बाहेर उजाडत आलं होतं.

कलीम तसाच पडून होता, डोळे मिटून, दोन्ही हातांनी उशी धरून.

‘‘भाऊ,’’ तो म्हणाला, ‘‘लावा ना आता. दिवस निघून राह्यला.’’

चाचांनी भिंतीकडे तोंड केलं. मी म्हटलं, ‘‘लावतो,’’ आणि पुन्हा खाटेची दांडी धरली.